शशीच्या आवाजातली बाराखडी

रेडिओ दुरुस्त करून झाकण लावलं की शशीकडे दोन-तीन स्क्रू हमखास उरायचे. आणि रेडिओ तरीही वाजायचा! ते स्क्रू तो एका डब्यात टाकायचा. आमचे किस्सेही असेच साठत गेले. कामं कधीच संपली, हे तेवढे उरले.

शशीचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान नगरला दिल्ली गेटजवळ होतं. मी देवळाली प्रवरेकडच्या एका साखर कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचो आणि दर रविवारी एसटीने नगर गाठायचो. तिसरे कांबळे सर. तिसगावला मराठी आणि विज्ञान शिकवून रिटायर झालेले, आणि पन्नाशीनंतर हौसेने प्रोग्रॅमिंग शिकलेले. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं ती. सर खेड्यातल्या पोरांसाठी विज्ञानाचं पुस्तक लिहीत होते आणि त्यांची नजर काचबिंदूने जात चालली होती. आधी पुस्तक संपतं की डोळे, एवढाच प्रश्न होता.

* * *

एका मासिकाबरोबर कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स या सिस्टिमची सीडी आली. कुणीही वापरा, आत उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या, असं तिच्यावर लिहिलेलं.

शशी म्हणाला, "फुकट हाय म्हंजी बिघडलेलंच आसनार!"

पण ती कल्पना त्याच्या डोक्यात बसली. पुढच्या आठवड्यापासून दुरुस्त केलेल्या प्रत्येक रेडिओच्या झाकणात तो आतून सर्किटचा कागद चिकटवायला लागला. एक गिऱ्हाईक कागद घेऊन परत आलं. "शशीभाऊ, तुमचा कागद आत ऱ्हायला हुता."

"आवं, तो तुमचाच हाय!"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"न्हाई कळलं तरी आसू द्या. दुसऱ्या कुनाला कळंल!"

मी इंजिनियर. पण त्या सीडीचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

* * *

हिवरे बाजारच्या अलीकडे शशीच्या मावसभावाची वस्ती. टाकी भरली की भोंगा वाजेल असं यंत्र आम्ही त्याला करून दिलं. पहिल्या दिवशी भोंगा वाजला आणि गाय दावं तोडून पळाली! आमची मान खाली.

महिन्याने मावसभाऊ दुकानात आला. आम्ही शिव्या खायच्या तयारीत.

"टाकीचं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, "आता भोंगा वाजला का गाय सोताच हौदावर येती. दुसऱ्या गाईसाठी एक करा!"

* * *

सरांसाठी मी स्क्रीनवरची अक्षरं मोठी करत गेलो. शेवटी स्क्रीनवर एकच शब्द मावायला लागला.

"सर, दिसतंय का?"

"दिसतंय रे. पण वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरतो."

मग म्हणाले, "टायपिंग मला न बघता येतं. पण काय लिहिलं ते कळायला नको? मशीनला म्हणावं, तू वाचून दाखव. नाहीतर पुस्तक इथंच थांबलं."

शशीने लगेच सोल्डरिंग आयर्न गरम करायला ठेवला. त्याला वाईट वाटलं की तो हेच करतो.

* * *

सीडीवर बोलणारा एक प्रोग्रॅम निघाला. सोबत एका हौशी माणसाचं सर्किटही होतं. प्रिंटरच्या पोर्टला रेझिस्टर जोडायचे, पुढे स्पीकर. शशीने जुन्या रेडिओचा स्पीकर लावला. सरांनी इंग्रजी अक्षरांत आपल्या तिसगावचं नाव टाइप केलं.

स्पीकर म्हणाला, "टिझगेऑन."

सर खूप हसले. "शशिकांत, खुर्ची दे. साहेब आलेत!"

* * *

साहेबाला मराठी शिकवण्यापेक्षा आपलाच माणूस बसवू, असं ठरलं. आवाज शशीचा, कारण माझा घोगरा. ओळखीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये साऊंड कार्ड होतं. तिथे शशीने अख्खी बाराखडी म्हटली. क, का, कि, की... मी एकेक अक्षर कापून ठेवलं.

"ठा" म्हणताना खाली रिक्षाचा हॉर्न वाजला. पुढे मशीन "ठाणे" म्हणालं की आधी रिक्षा यायची! मग "ठा" परत, "घो" परत, "झी" परत. हॉर्न शोधण्यात आम्ही इतके गुंतलो की बाकी काही ऐकलंच नाही.

* * *

पुढच्या रविवारी सकाळी सर आले. आता त्यांना स्क्रीनचा नुसता उजेड दिसत होता. त्यांनी पुस्तकातलं एक वाक्य टाइप केलं. पाणी उकळलं की त्याची वाफ होते.

स्पीकर अडखळत बोलला, शशीच्या आवाजात. "पा... नी... उकळलं की..."

शशीचा चेहरा पडला. "ण"ची अख्खी ओळ त्याने "न"चीच म्हटली होती! आणि समोर कोण, तर तीस वर्षं पोरांना उभं करून "बाण, बाण" म्हणायला लावणारे कांबळे सर. एका चुकीसाठी ते अख्खं पान परत लिहायला लावायचे.

मी घाईघाईने म्हणालो, "सर, तुम्हीच बारा अक्षरं म्हणा. प्रोग्रॅमचा सोर्स आपल्याकडेच आहे, दहा मिनिटांत बदलतो."

सरांनी मशीनला तेच वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग आणखी एकदा. मग पुढचं वाक्य टाइप केलं, ऐकलं, त्यातली एक चूक सापडली, ती दुरुस्त केली. मग पुढचं. चहा गार झाला. पान संपल्यावर त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"नको रे बदलू," ते म्हणाले. "घरचं मानूस वाचतंय."

शशी दचकून उठला.

"सर, 'मानूस' न्हाई," तो म्हणाला, "'मानूस'!"