इंजिन दिराचं, गिरणी वहिनीची

वारा काही सांगून आला नाही. संध्याकाळी आभाळ स्वच्छ होतं, दोरीवरचे कपडे निवांत लोंबत होते. बघता बघता त्याने वस्तीवरचे पत्रे कागदासारखे उडवले, झाडं मुळासकट आडवी केली आणि विजेचे खांब गुडघ्यात मोडले. वारा आला तसा निघून गेला. वीज मात्र गेली ती गेलीच. खांब मिळाले की बघू, असं सांगून वायरमन गेला तो पुन्हा फिरकला नाही. आधी मोबाइल मेले, मग टाक्या कोरड्या पडल्या, आणि मग घराघरांतले पिठाचे डबे रिकामे वाजू लागले.

गिरणी एकच होती. नवरा गेल्यापासून गिरणीवाली ती एकटीच चालवायची. दगड बोथट झाला की छिन्नी-हातोड्याने त्याच्यावर पुन्हा रेघा पाडायची, ती टाकीही स्वतःच लावायची. तिच्या भुवयांवर कायम पीठ असायचं, पण बोलणं कधी पिठासारखं मऊ नव्हतं.

वाटण्या झाल्या तेव्हा तिच्या नवऱ्याला गिरणी मिळाली आणि धाकट्या दिराला सासऱ्यांच्या काळचं डिझेल इंजिन. तोवर गिरणीत विजेची मोटार आली होती, म्हणजे दिराच्या पदरात नुसतं लोखंड पडलं. ते तो विसरला नव्हता. भाऊ गेला त्याच महिन्यात, बाईमाणसाला हे झेपायचं नाही, किल्ली माझ्याकडे द्या, असं तो चारचौघांत म्हणाला होता. तेव्हापासून दोन घरांत विस्तव जात नव्हता.

आता गिरणीला इंजिन हवं होतं आणि इंजिनाला गिरणी. लोकांनी दोघांचेही कान उपटले. त्याच्याही घरचं पीठ संपलं होतं, म्हणून तो कबूल झाला. तिने अट घातली.

"इंजिन आणा, चालू करा आणि दारात बसा, भाऊजी. माझ्या गिरणीत तुम्ही तोंड उघडायचं नाही."

"बरं, वहिनी."

इतक्या गोड आवाजात तो याआधी कधी बोलला नव्हता.

मोटार आतल्या भिंतीला होती. इंजिन जड, ते काही तिथवर जाईना, म्हणून उंबऱ्याच्या आत दाराशीच बसवलं, मोटारीकडे तोंड करून. तिने पट्टा चढवला, त्याने हँडल मारलं. इंजिन खोकलं, धूर ओकलं आणि दगड गरगरू लागला. रांगेतले चेहरे उजळले.

पहिला डबा सुताराचा. पीठ पडलं ते भरड, तांबूस, हाताला चटका बसेल असं. सुताराने चिमूट चोळून पाहिली आणि हे आपण जनावरापुढेही ठेवणार नाही म्हणाला. रांगेत कुजबुज सुरू झाली. ज्याचं इंजिन त्यालाच कळतं, आत घ्या की त्याला. दीर मांडीवर हात ठेवून गप्प बसला होता आणि मिशीतल्या मिशीत हसत होता.

त्या हसण्यापाशी ती थबकली. आज हा आत आला तर उद्या बाहेर जायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने इंजिन थांबवायला लावलं आणि सुताराच्या मदतीने वरचा दगड उचलला. तिच्याच हातच्या टाकीच्या तिरप्या रेघा होत्या त्या. पीठ रेघांच्या पाठीला चिकटलं होतं, जिथे ते कधीच चिकटत नसे.

दगड उलटा फिरला होता. मोटारीच्या समोर तोंड करून बसवलेलं इंजिन तिच्या उलटंच फिरणार. सासऱ्यांच्या काळी ते दाराशीच असायचं आणि दगड सुलट फिरावा म्हणून पट्ट्याला मध्ये एक पीळ दिलेला असायचा. नवी नवरी असताना त्या पिळाखालून पदर आवळून ती वाकून जायची.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

तो उठला, उंबरा ओलांडून बाहेर उभा राहिला आणि मगच बोलला. "होतं. पण आत तोंड उघडायचं नाही, असं ठरलं होतं ना, वहिनी?"

तिने दगड पुन्हा जागेवर बसवला. पट्टा उतरवला, पीळ दिला, चढवला. सुताराच्या डब्यात आपल्या कोठीतलं धान्य ओतलं. या खेपेला पीठ पडलं ते रेशमासारखं. रांग सरकू लागली.

दिराचा डबा सगळ्यांत शेवटी आला. तोही तिने तसाच बारीक दळला, मूठभरही उणं होऊ दिलं नाही. डबा उचलता उचलता त्याने तोंड उघडलं. तिने ओठांवर बोट ठेवलं. तो तसाच निघून गेला, आणि वीज येईपर्यंत रोज मुकाट्याने हँडल मारायला येत राहिला.

वीज आली त्या सकाळी तिने पट्टा मोटारीवर सरळ चढवला आणि चार माणसं बोलावून इंजिन उंबऱ्याबाहेर काढलं. ते नेताना बाहेरून तो काहीतरी बोलला. मोटारीच्या आवाजात तिला ऐकू आलं नाही. विचारायलाही ती गेली नाही.