माफी मागितली नाही

"इन गाँववालियों का दिमाग खाली रहता है, इसलिए रोती हैं. पापड़ बनाने पर लगा दो इन्हें."

मोठ्या साहेबांच्या बायको, आमच्या मॅडम, माइकवरच बोलल्या. हॉल हसला. मी उभीच.

दिल्लीच्या छावणीत नवऱ्याच्या हुद्द्यावर बायकोची जागा ठरते. साहेबांच्या बायका पुढे सोफ्यावर, सुभेदारांच्या मागे खुर्च्यांवर. आम्ही शिपायांच्या बायका खाली सतरंजीवर. त्या दिवशी मानसिक आरोग्यावर कार्यक्रम होता. कोणी काय बोलायचं तेही आदल्या दिवशी घोकून घेतलेलं. माझ्या वाट्याला वाक्य आलं होतं, "मैं यहाँ बहुत खुश हूँ, मैडम." उभी राहिले आणि तोंडातून खरं निघालं. "नींद नहीं आती. छाती में घबराहट होती है. मर जाने का मन करता है."

त्यावर पापड.

घरी नवरा जेवला नाही. "अक्कल आहे का तुला? माझा रिपोर्ट बिघडला तर?" त्याच्याही मानेवर कोणीतरी बसलेलंच. गावी आईला सांगावं तर म्हणणार, पक्क्या घरात राहतेस, अजून काय हवं? इकडे आड, तिकडे विहीर. जीव नुसता कोंडला होता.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर शेजारची साताऱ्याची सुनंदा हळूच म्हणाली, "वहिनी, मलापण होतंय तसंच. आवाज जाऊ नये म्हणून मी नळ सोडून रडते."

तिला हाताला धरून घरी आणलं. मग हरियाणाची एक आली, बिहारची एक. सगळ्या खेड्यातल्या. नवरे ड्यूटीवर गेले की दुपारी माझ्या क्वार्टरमध्ये बसायचो. सल्ले द्यायचे नाहीत, ऐकायचं. सुनंदाचं फारच बिघडलं तेव्हा आम्हीच तिला डॉक्टरकडे नेलं. एकदा एका सुभेदारांची बायको आली आणि खुर्ची शोधू लागली. खुर्ची नव्हतीच. बसली बिचारी खाली, आणि सगळ्यांत जास्त तीच रडली.

बातमी पोचली. मॅडमनी बोलावलं. "ये सब बंद करो. हॉल में सबके सामने माफ़ी माँगो. नहीं तो क्वार्टर का सोचना पड़ेगा."

नवऱ्याने हात जोडले. "माग ना. एका शब्दाचा तर प्रश्न आहे."

हॉलमध्ये गेले. माइक हातात घेतला. म्हणाले, "माफ़ी नहीं माँगूँगी. ये औरतें मेरे घर आती हैं. आती रहेंगी."

या वेळी कोणी हसलं नाही.

आता नवरा बोलत नाही. नोटीस कधीही येईल. माझी छाती अजून धडधडते, गोळी घेते. भीती वाटते, खोटं कशाला सांगू? पण क्वार्टर गेलं तर गावी जाईन. तिथं घरोघरी अशा बायका आहेत, तोंड दाबून बसलेल्या. पोचले की पहिल्याच दिवशी त्यांची दारं वाजवीन.