माळ्यावरची हाळी

चेंडू पडद्यावर आपटला की सविताचे डोळे मिटायचे. मारताना उघडे, मारून झाल्यावर गच्च बंद. मुजफ्फरचाचांनी आयुष्यात पुष्कळ खेळणारे बघितले, पण हे असलं कुठं बघितलं नव्हतं. लोक मारून झाल्यावर मान वर करून बघतात, गेला कुठं म्हणून. ही पोरगी खांदे वर घेऊन अशी उभी राहायची, की आता कुणीतरी हिच्या मुस्काटात देणार.

"काय गं, पडदा चावतो का तुला?"

"न्हाई, चाचा."

"मग डोळे का मिटतेस?"

"आवाज लई हुतो."

आवाज व्हायचाच. नगरला सावेडीच्या अंगाला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ती खोली. खिडक्या काळ्या कापडानं झाकलेल्या. समोर भिंतीएवढा पांढरा पडदा आणि त्यावर छताच्या यंत्रातून पडलेलं मैदानाचं चित्र. हिरवंगार गवत, झाडं, एक तळं, लांबवर झेंडा. पायाखाली प्लास्टिकच्या गवताची पट्टी. तिच्यावर चेंडू ठेवायचा आणि क्लबनं, म्हणजे त्या लोखंडी तोंडाच्या काठीनं, पडद्यावर हाणायचा. चेंडू खरा, काठी खरी, रान तेवढं खोटं. चेंडू पडद्यावर धप्पकन आपटून खाली गळतो आणि चित्रातला चेंडू पुढं उडत जातो. किती जोरात गेला, किती वाकडा गेला, काठीचं तोंड कुठं वळलं होतं, सगळं यंत्र लगोलग मांडून दाखवतं. उन्हात न जाता गोल्फ शिकायची ही सोय.

सविता तिथं यंत्र चालू करायला, चेंडू गोळा करायला आणि आलेल्या डॉक्टर-बिल्डरांना पाणी द्यायला होती. काष्टीच्या अलीकडं आमची वस्ती आहे, तिथल्या रतनबाईची ही लेक. बारावी झाली, लग्न झालं, मोडलं आणि ती नगरला आली. का मोडलं ते तिनं सांगितलं नाही, आम्हीही खोदून विचारलं नाही. एका दुपारी खोली रिकामी होती म्हणून तिनं सहज क्लब फिरवला. नेमके चाचा चहाचा कप घेऊन दारात. चाचा म्हणजे मुजफ्फर शेख. लष्करातून हवालदार होऊन सुटलेले, आणि आता इथं शिकवायला.

"कुठं शिकलीस गं हे?"

"कुटं न्हाई. ल्हानपनी गोफन फिरवायची, तेवडंच."

"तरीच कंबर आधी जाते आणि हात मागनं येतो. लोकांना हे शिकवता शिकवता माझी दाढी पिकली."

तेव्हापासून गिऱ्हाईक नसलं की चाचा तिला शिकवायचे. काखेत रुमाल दाबून धरायचा आणि क्लब फिरवायचा. रुमाल पडला की पुन्हा पहिल्यापासून. कधी नुसतं कमरेपर्यंत नेऊन थांबायचं. कधी चेंडूच नाही, हवेतच फिरवायचं आणि सूं आवाज कुठं होतो ते ऐकायचं. एकटी असली की सविता फार सुरेख मारायची. चित्रातला चेंडू झेंड्याच्या रोखानं जायचा.

पण मागच्या बाकड्यावर कुणी येऊन टेकलं की झालं. चेंडू उजवीकडं पळायचा तो थेट तळ्यात.

चाचांनी यंत्रात टिपलेलं तिचंच चित्र हळू करून तिला दाखवलं. "हे बघ. इथपर्यंत झकास. आता बघ, चेंडूला लागायच्या आत मनगट आवळलंस. कोपर कोंबडीच्या पंखासारखं बाहेर आलं. मग चेंडू वाकडा जाणार नाही तर काय करणार? सोड. हात सोड बेटा, अडवू नको."

"सुटत न्हाई, चाचा."

सुटणार कसा? एकदा सुटला होता.

आमच्याकडं शाळू हुरड्यात आला की भोरड्यांचे थवे उतरतात. एक थवा एका सकाळी अर्धं शेत धुऊन नेतो. म्हणून रानात चार मेढींवर माळा बांधायचा आणि त्यावर उभं राहून गोफण मारायची. दोन दोऱ्या, मधे विणलेला खळगा, खळग्यात वाटोळा दगड, त्याला गुंडा म्हणतात. एका दोरीचा फास बोटात, दुसरी नुसती चिमटीत. डोक्यावर गरगर फिरवायची आणि चिमूट सोडायची. पण चिमूट सोडायच्या आधी हाळी द्यायची, "हाऽऽऽ योऽऽऽ!" ही हाळी पाखरांसाठी नसते, माणसांसाठी असते. शाळवाची ताटं डोक्याच्या वर गेलेली. आत कोण खुरपतंय, बांधानं कोण येतंय, माळ्यावरून काही दिसत नाही. हाळी कानावर पडली की माणूस असेल तिथं मटकन खाली बसतो आणि डोक्यावर हात घेतो. आमच्याकडं हे कुणाला शिकवावं लागत नाही.

सविता शाळेत असताना एका सकाळी तिनं हाळी दिलीच नाही. थवा उतरला, तिनं गोफण फिरवली, चिमूट सोडली. आणि शाळवात धप्प झालं. ओल्या पोत्यावर बडवावं तसं. मग बराच वेळ काहीच नाही. मग ताटं हलली आणि रतनबाई बाहेर आली. एका हातात भाकरीचं फडकं, दुसऱ्या हाताचा तळवा डोळ्यावर दाबलेला, बोटांच्या फटीतून रगत.

डोळा गेला. त्या घरात त्यावर कधी शब्द निघाला नाही. सविताला कुणी मारलं नाही, कुणी बोललं नाही. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पोरगी त्या धप्पसकट वाढली. आणि आता रोज सकाळी काळ्या कापडाच्या खोलीत यंत्र चालू करून तोच आवाज ऐकत होती.

त्यात मालकाचं नवीन निघालं. शाळेच्या पोरी शिकायला येणार, त्यांना शिकवायला बाईच पाहिजे. सवितानं उघड्या मैदानावर जाऊन परीक्षा द्यायची. पास झाली तर ती शिकवेल. नाही तर पुण्याहून बाई आणायची, आणि मग इथं दुसऱ्या बाईचं काम नाही.

चाचा तिला मैदान दाखवायला घेऊन गेले. सविताला झेंडा दिसला नाही, तळं दिसलं नाही. तिला कडेला गवत खुरपत बसलेल्या बाया दिसल्या. डोक्यावर पदर, मैदानाकडं पाठी.

"चाचा, ह्या बाया उटत न्हाईत का, खेळ सुरू झाल्यावर?"

"कशाला उठतील? लांब आहेत."

लांब. शाळवातही सगळे लांबच होते.

तिचं जेवण तुटलं. रिक्षात समोर बसलेल्या बाईच्या कपाळाकडं बघून तिच्या मनात यायचं, इथं लागला तर? भाजी घेताना माळणीच्या डोळ्याकडं नजर जायची आणि हातातली मेथी गळायची. पडद्यावरचं रानही आता तिला रिकामं वाटेना. चित्रातलं झुडूप वाऱ्यानं हललं की तिचा क्लब वरच्या वर थांबायचा. आत कुणीतरी बसलंय आणि आपल्याला दिसत नाही, असं तिला वाटायचं. चाचा म्हणायचे, "अगं, ते चित्र आहे." तिलाही ठाऊक होतं चित्र आहे ते. हात ऐकत नव्हता.

अशात रतनबाई नगरला आली, राहिलेला डोळा दाखवायला. त्या डोळ्यालाही धूसर दिसायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू आहे, निघेल. दवाखान्यातून सविता आईला कामाच्या खोलीवर घेऊन आली. चाचा तिथंच होते.

"ह्ये काय गं? टाकीज हाय का काय?" रतनबाई अंधारात चाचपडत बाकड्यावर बसली. "आन शिनिमात मानूस कसं न्हाई एक बी?"

"आये, खेळ हाय त्यो."

"मग खेळ की. मला बगू दे, हाय तवर."

सवितानं चेंडू ठेवला. मारला, उजवीकडं. पुन्हा मारला, पुन्हा उजवीकडं. तिसरा पडद्याच्या लोखंडी चौकटीवर खणकन लागून उलटा आला आणि रतनबाईच्या चपलेला घासून भिंतीकडं गेला.

सवितानं क्लब टाकला आणि खालीच बसली.

"आगं, एक गेलाय, एक हाय आजून," रतनबाई म्हणाली. "मार."

चाचांनी उलटा आलेला चेंडू उचलला आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "ताई, हिला तेच सांगतो मी. भ्यायचं कशाला? मैदानावर चेंडू वाकडा गेला की 'फोर!' म्हणून ओरडायचं, म्हणजे पुढच्यांनो, सांभाळा. समोरचा माणूस डोकं झाकतो. इंग्रजांपासूनची रीत आहे ही."

रतनबाईनं मान वळवली. "म्हंजे हितं बी हाळी आस्ती व्हय?"

"असते की."

गेलेल्या डोळ्यातून रतनबाईला कायम पाणी यायचं, ते पदरानं टिपलं. मग चाचांकडं बघत, लेकीकडं न बघता म्हणाली, "त्या दिशी हिनं हाळी दिली न्हाई. का दिली न्हाई ठावं हाय का तुमास्नी, भाऊ? मीच बंद केली हुती. पोरगी न्हाती झाली, आन माळ्यावर हुबी ऱ्हाऊन बोंबलती. रस्त्यानं जानारी पोरं मोटारसायकल थांबवून बगत्यात. म्हनलं, आता मोटी झालीस, वरडायचं न्हाई. गपगुमान पाकरं हाक."

"आये, आता कशाला त्ये..."

"आता न्हाई तर कवा? ह्यो बी गेल्याव?" रतनबाई उठली. "चल, मला यष्टी गाठायचीय. म्हस ताटकळली आसंल."

वाचणाऱ्याला वाटेल, पोरगी मोकळी झाली. तसं काही झालं नाही. भीती होती तिथंच होती. फक्त इतकी वर्षं ती एकटीची होती, आता दोघींची झाली.

परीक्षेच्या सकाळी तिनं चहासुद्धा घेतला नाही. टोप्या घातलेले दोन साहेब परीक्षा घ्यायला, आणि मागं चाचा. सुरुवातीला जमलं. समोर माणूस नव्हतं. मग मैदान वळलं, आणि पुढं उजव्या हाताला त्याच बाया. तशाच पाठमोऱ्या.

"साहेब, त्या बायांना जरा उठवा की."

"त्या रोजच्याच आहेत. लांब आहेत. तुम्ही मारा."

तिनं चाचांकडं बघितलं. चाचांनी नुसता हात झटकून दाखवला, सोड म्हणून. क्लब वर गेला, कंबर वळली, हात खाली आला आणि अगदी लागायच्या वेळेला मनगट आवळलं.

चेंडू सरळ निघाला आणि वर जाऊन उजवीकडं वळायला लागला. इथं पडदा नव्हता अडवायला. तो जात राहिला. चाचांनी शिकवलेला शब्द सविताच्या घशाशी आला आणि तिथंच अडकला. तोंड उघडं, आवाज नाही. चेंडू बायांच्या डोक्यावर उतरायला लागला. तिच्या कानात धप्प आधीच वाजलं होतं.

आणि मग पोटातून आलं, "हाऽऽऽ योऽऽऽ!"

सगळ्या बाया एकदम खाली. खुरपी टाकून, गुडघ्यात डोकं घालून, डोक्यावर दोन्ही हात. एकीनंही मागं वळून बघितलं नाही. दोघे साहेब मात्र टोप्या मागं सारून, आभाळाकडं तोंड करून उभे.

चेंडू गवतानं भरलेल्या पाटीत पडला. पाटी कलंडली. मग एक म्हातारी डोक्यावरचे हात काढून उठली, इकडं तिकडं बघत ओरडली, "कोन हाय गं त्ये माळ्याव?"

बाया हसायला लागल्या. सविता गवतात बसली होती. तिला हसू आलं नाही. ती एकेक बाई बघत होती, प्रत्येकीचे दोन्ही डोळे.

"शब्द 'फोर' असा आहे," एक साहेब म्हणाले.

"त्यांला त्यो कळला नसता, साहेब," सविता म्हणाली.

पुढचा चेंडू मारायच्या आधी ती नीट उभी राहिली आणि आधी हाळी दिली. बायांनी पुन्हा डोकी झाकली. मग तिनं मारला. हात सुटला. चेंडू झेंड्याकडं गेला की नाही हे तिनं बघितलं नाही. ती बायांकडंच बघत होती. ती जेमतेम पास झाली, पण झाली.

रतनबाईचा मोतीबिंदू निघाला. आता ती एका डोळ्यानं सुईत दोरा ओवते आणि सुनांच्या चुकाही काढते.

सविता पोरींना शिकवते. क्लब हातात द्यायच्या आधी पोटातून ओरडायला लावते. पोरी लाजतात, तोंडावर ओढणी धरतात. ती ओढणी ओढून खाली घेते आणि म्हणते, "पुन्ना." खालच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर तक्रार घेऊन वर येऊन गेला, म्हणाला पेशंट दचकतात. चाचा म्हणाले, "दचकू द्या."

पोरी गेल्यावर ती एकटी खेळते. मारायच्या आधी मागच्या बाकड्याकडं बघते. बाकडं रिकामं असलं तरी हळू आवाजात हाळी देते, आणि हात सोडते. पडद्यावर धप्प झालं की तिचे डोळे अजून मिटतात.