निम्मा कोळसा

सकाळी मी चुलीपाशी होते, तेवढ्यात मागच्या खोलीतले सीतारामभाऊ दारात आले. अंगावर कंपनीचे कपडे, पण हातात जेवणाचा डबा नाही. "वहिनी, भागरता उठून नाही राहिली जी," एवढंच म्हणाले. मी भाकरी तव्यावर तशीच टाकून त्यांच्या बायकोकडं धावले... आदल्या संध्याकाळीच तर खोकत खोकत माझ्याशी भांडली होती बाई! का, तर माझ्या कालवणात तिखट नसतं म्हणून. त्याला आता महिना होऊन गेला. आळंदीला इंद्रायणीत तिच्या अस्थी सोडून आलो, तरी ते भांडण अर्धवट राहिल्याची चुटपुट काही जात नाही.

आमच्या पिंपरीत कारखाना उभा राहिला आणि कुठकुठली माणसं खोली विचारत दारात यायला लागली, त्यातच हे जोडपं आलं. पार चांद्याकडचं. तिथं कोळशाच्या खाणीत होते, म्हणून भाऊंना इथं बॉयलरवर कोळसा मारायचं काम मिळालं. मी पहिल्याच दिवशी भागरताला विचारलं, "आन् तू गं? तू घरीच व्हतीस न्हवं?" तर ही पदर खोचून म्हणाली, "घरी काहून? मी बी खालीच होती, जमिनीच्या पोटात." मी मनात म्हटलं, बाई थापाडी दिसतीय.

थापा नव्हत्या त्या. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत इंग्रज सरकारला कोळसा हवा होता, माणसं पुरेनात, तेव्हा बायकांना खाली उतरायची बंदी उठवली होती. भाऊ कोळसा फोडायचे, ही पाटीनं तो लोखंडी डब्यात भरायची. रुळावरचे डबे ते, हे भले मोठे. डबा भरला की ही त्यावर फावड्यानं ठोकायची, ठण् ठण्, आणि मग दोघं एकदम जोर लावायची. अंधारात एकमेकांची तोंडं दिसत नसत, पण ठोका कळायचा. डबा मात्र लागायचा भाऊंच्या नावावर. मुकादम सगळ्यांदेखत म्हणायचा, "बघा, एकटा माणूस किती काढतो!" पुढं लढाई थांबली आणि बायकांना वर पाठवलं. आता फोडायचं भाऊंनी, भरायचंही भाऊंनीच. डबे निम्म्यावर आले. मग तोच मुकादम म्हणायला लागला, लढाई संपली तशी माणसं माजली, कामचोर झाली. भाऊंच्या ते जिव्हारी लागलं. खाण सोडून ते इकडं आले, ते त्यापायी.

इकडं आल्यावर संध्याकाळी आमच्या ओसरीवर बॉयलरवरची माणसं जमायची आणि भाऊंची गोष्ट सुरू व्हायची... लढाईत मी असे डबे काढले, मी तसे डबे काढले. सगळं मी, मी आणि मी! भागरता आतून मुकाट्यानं चहा आणून द्यायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. एकदा तर मी भाऊंच्या चहात साखरच घातली नाही. ती हसली. म्हणाली, "सांगू दे न वं. कामचोर म्हनले त्याले, तो घाव भरू दे." मी म्हटलं, "आन् तुझं काय?" तेव्हा मात्र तिनं हातातली कपबशी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "एक डाव चारचौघांत म्हनावं त्यानं, भागरता होती सोबत. बस, येवढंच. मले का तोरण बांधाचं हाय?" एवढंच हवं होतं तिला, आणि नेमकं तेवढंच त्या माणसाच्या तोंडून निघत नव्हतं. माणूस वाईट नव्हता हो. ती खोकायला लागली की स्वतः पाणी तापवून द्यायचा. पण ते वाक्य काही यायचं नाही.

कारखान्यामागं अर्धवट जळलेले कोळसे टाकतात. शेगडीसाठी ते आणायला आम्ही दोघी हातगाडी घेऊन जायचो. सासूबाई करवादायच्या, "घरात सरपणाचा दुष्काळ पडलाय व्हय गं?" पण मला तिच्याबरोबर जायचं असायचं, कोळसा आपलं निमित्त. गाडी भरली की ही गाडीच्या लोखंडी पट्टीवर फावडं ठोकायची. पहिल्या दिवशी मी आधीच जोर लावला, तर खेकसली, "ठोका आयक अगुदर! कंबर मोडून घेशील, माय!" पुढं पुढं मला सवयच लागली. तिनं ठोकल्याशिवाय माझे हात हलायचेच नाहीत.

परवा भाऊ पहिल्यांदाच गाडी घेऊन निघाले. मला राहवलं नाही, मीही गेले. येताना भरली गाडी खड्ड्यात रुतली. बॉयलरवरचा आकुर्डीचा नामदेव सायकलवरनं चालला होता, तो थांबून हसत म्हणाला, "काय राव भाऊ! लढाईत एकट्यानं डबे ढकलीत व्हता, आन् ही एवढीशी गाडी हलंना व्हय?"

भाऊंनी गाडी सोडली. म्हणाले, "एकटा नव्हतो मी." नामदेवला कळेना. भाऊ आणखी मोठ्यानं, रस्त्यावरची माणसं वळून बघतील असं बोलले, "भागरता होती सोबत. निम्मा कोळसा तिचा होता. मी कोनाले सांगतलं नाही."

माझ्या डोळ्यांना धार लागली आणि रागही असा आला! अहो, दोन महिने आधी बोलला असतात तर जीभ झडली असती का तुमची? नामदेव बिचारा सायकल टाकून गाडीला हात लावायला आला. भाऊंनीही दोन्ही हात टेकले, मान खाली घातली... आणि तसेच उभे राहिले. जोर म्हणून लावीनात. नामदेव म्हणाला, "भाऊ, लावा की जोर." भाऊ हलेनात. ते कशाची वाट बघतायत हे त्या पोराला कुठून कळणार?

मी डोळे पुसले, गाडीतलं तिचं फावडं उचललं आणि पट्टीवर ठोकलं. ठण् ठण्.

भाऊंनी जोर लावला.