चामड्याचा पूफ आणि सासूबाईंच्या साड्या

माणूस जातो, पण हातांनी घडवलेली वस्तू काळाला पुरून उरते. हे वाक्य मी मस्कतच्या एका मॉलच्या तळमजल्यावर ऐकलं. मोरोक्कोच्या हस्तकलांचं प्रदर्शन होतं आणि उद्घाटनाला आलेले गृहस्थ सरकत्या जिन्याशेजारी उभे राहून बोलत होते. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर घोषणा झाली: दारासमोर लावलेली पांढरी गाडी हलवावी. मस्कतमध्ये पांढरी गाडी हलवा म्हणणं म्हणजे अर्ध्या सभेला उठा म्हणण्यासारखं आहे. अर्धी सभा उठली. भाषण चालू राहिलं.

आम्ही माबेल्याहून, म्हणजे शहराबाहेरच्या आमच्या वस्तीतून, आलो होतो ते खरं तर मिक्सरचं भांडं बदलून घ्यायला. पण बायको मधल्या दालनात रेंगाळली, आणि तिला दोष देता येत नव्हता. जाळीदार पितळी दिव्यांतून भिंतीवर नक्षी पडत होती. निळ्या-पांढऱ्या बशांवरची एकही रेघ सरळ नव्हती, म्हणूनच त्या बघत राहाव्याशा वाटत होत्या. वारसा, परंपरा हे शब्द फलकावर होते. वस्तूंना त्यांचं काही नव्हतं. त्या जेवायला, उजेडाला आणि बसायला केल्या होत्या.

बसायची वस्तू म्हणजे पूफ. बकऱ्याच्या चामड्याची गोल, बुटकी बैठक. वरच्या अंगाला चामड्याचे तुकडे जोडून केलेली चांदणी आणि त्यावर रेशमी दोऱ्याचे टाके. मात्र विकायला तो रिकामा असतो. पापडासारखा चपटा होऊन टेबलावर पडला होता.

“यात भरायचं काय?” बायकोने हिंदीत विचारलं.

विकणारी बाई मोरोक्कोचीच, मस्कतमध्ये राहून हिंदी शिकलेली. “दुकानवाले कापूस भरतात,” ती म्हणाली. “आमच्याकडे घरातले जुने कपडे भरतात. माझ्या आजीचे कपडे आईच्या पूफात आहेत. रोज त्यावर बसून आई चहा पिते.”

कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याला रडकुंडीला आणणाऱ्या माझ्या बायकोने तो पूफ एका शब्दाची घासाघीस न करता घेतला. तेव्हाच मी समजलो, हे प्रकरण साड्यांचं आहे.

साड्या म्हणजे माझ्या सासूबाईंच्या. त्या गेल्या तेव्हा बायको चिपळूणहून त्यांच्या सुती साड्यांची बॅग घेऊन आली होती. त्यांची गोधडी करायची, असं दोघी बहिणींचं ठरलं होतं. पण गावात गोधड्या शिवणाऱ्या बाईंना दिसेनासं झालं आणि माबेल्यात गोधडी शिवणारं कोण सापडणार? साड्या नेसवत नव्हत्या, देऊन टाकवत नव्हत्या. इथल्या दमट हवेत त्यांना कुबट वास लागू नये म्हणून बायको दर शुक्रवारी त्या बाल्कनीत पसरायची, संध्याकाळी घडी घालायची, आणि पुढचा तासभर तिच्याशी कोणी बोलायचं नाही, हे घरात न सांगता ठरलं होतं. शुक्रवार हा आमच्याकडे सुट्टीचा दिवस राहिला नव्हता.

आणि चिपळूणच्या ताईंना, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीला, न विचारता साड्यांना कात्री काय, वेगळी घडीही घालायची सोय नव्हती. त्याच रात्री जेवणाआधी व्हिडिओ कॉल झाला.

“चामडं?” ताई मोबाइलच्या इतक्या जवळ आल्या की फक्त चष्मा दिसत होता. “आईच्या साड्या चामड्यात? अगं, चप्पल बाजूला सारली तरी हात धुवायची ती!”

“आणि भजनाला मृदंगाशेजारी बसायची, तो काय कागदाचा होता?”

“ते वेगळं. ते देवाचं.”

“मग हे आईचं.”

“भाऊजी, तुम्ही तरी काही बोला!”

“ताई, या घरात माझं कोणी ऐकत नाही.”

“ते माहितीये मला. तरी बोला!”

मी काहीतरी बोललो. कोणी ऐकलं नाही.

“भर तू,” ताई शेवटी म्हणाल्या. “भर खुशाल. पण मग मी तुझ्या घरात पाऊल ठेवायची नाही.”

फोन बंद झाल्यावर बायको ओट्याशी जाऊन पोळ्या लाटायला लागली. आई गेल्यावर तिला माहेर म्हणून उरलं होतं ते एवढंच: ताई आणि ती बॅग. आता दोन्हीतलं एकच राखता येईल असं दिसत होतं. पुढच्या शुक्रवारी मी बाजारातून आलो तेव्हा बाल्कनी रिकामी होती आणि हॉलमध्ये पूफ गरगरीत फुगून बसला होता. मी छान झालाय म्हणालो. ती म्हणाली, “बसू नका एवढ्यात.”

डिसेंबरात ताई आल्या. व्हिसा झाला होता आणि तिकिटाचे पैसे परत मिळत नव्हते. तत्त्वांना अशा वेळी थोडं सरकून बसावं लागतं. आल्या त्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या. पूफाला वळसा घालून जायच्या, टीव्ही बघताना त्याच्याकडे पाठ करायच्या, म्हणजे टीव्हीही दिसत नसे. समुद्र बघून झाला, किल्ले बघून झाले, सगळ्याला “बरं आहे” म्हणून झालं. बहिणी एकमेकींशी अगदी नीट बोलत होत्या, पाहुण्यांशी बोलावं तसं.

मग एका दुपारी मटार सोलायचे होते. फरशीवर बसायला ताईंचे गुडघे तयार नव्हते आणि सोफ्यावरून ताटलीपर्यंत हात पोचत नव्हता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पूफावर बसल्या. बायको शेंगा मोडत राहिली. वर पाहिलं नाही.

“वास येतो गं अजून चामड्याचा.”

“उन्हात ठेवते मधून मधून.”

बऱ्याच शेंगा झाल्या.

“आई बसली असती यावर?”

“बसली असती. आणि मग आंघोळ केली असती.”

ताई आधी हसल्या. मग दोघींचे डोळे भरून आले आणि मटाराची ताटली मला धरावी लागली. ताईंनी चांदणीवरून हात फिरवला, दाबून पाहिलं, परत फिरवला.

“मऊ आहे,” त्या म्हणाल्या. “ती मोतिया रंगाची साडी वरती घातलीयस ना? हाताला कळतं गं. तीच आहे.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग ताईंना म्हणाली, “हो.”

पूफाची चेन तळाला असते, त्यामुळे जे आधी आत जातं ते सगळ्यात वर, चांदणीला लागून येतं. सगळ्यात आधी, नुसतं जमतंय का बघायला म्हणून, माझ्या दोन जुन्या ट्रॅकपँट आत गेल्या होत्या.