आईने सोडलेला मासा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे, अर्धं सांगितलंय — लग्नात, बारशात, कट्ट्याच्या स्टॉपवर एसटीची वाट बघताना. कॉलेजात असताना कबड्डीच्या सामन्यात डोक्याला गुडघा लागला, आणि मी उठून ऐटीत समोरच्या संघाच्या बाकावर जाऊन बसलो! हे मी साभिनय करून दाखवतो. लोक हसून लोळतात. मी तिथेच थांबतो. उरलेलं अर्धं — ते तुम्हाला सांगतो.

डॉक्टर म्हणाले, मेंदूला हादरा बसलाय. उजेड नको, वाचन नको, मैदान तर नकोच. आईने खिडकीला घोंगडी लावली. सुरुवातीचे दिवस खरे होते, शपथ — भिंती फिरायच्या, ताटाचा आवाज कपाळात घुसायचा. आईने देवळात जाऊन गाऱ्हाणं घातलं, "माझो झील परत खेळाक उतरासर मी मासो खावचंय नाय." म्हणजे पोरगा मैदानात उतरेपर्यंत तिला मासा बंद.

मालवणकडच्या बाईने मासा सोडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला हवं का?

आणि एका सकाळी मी उठलो तो ठणठणीत. भिंती जागेवर, डोकं स्वच्छ. आईला हाक मारायला तोंड उघडलं — तोच समोरच्या मैदानावरून पोरांचा दम ऐकू आला. कबड्डी, कबड्डी... मला तो गुडघा दिसला. अंगावर येताना. मी परत पांघरूण ओढलं.

आई चहा घेऊन आली. मी उठलो, दोन पावलं टाकली आणि — भिंत धरली. काय झोकांडी होती! दशावतारातल्या घायाळ राक्षसालाही जमली नसती.

"अजून गरगरता?"

मी मान हलवली. हळूच — दुखऱ्या डोक्याचा माणूस हलवतो तशी.

एकाच दिवसाचं नाटक करायचं होतं. पण बरा झालो म्हटलं की मैदान, नाही म्हटलं की खोली. धडधाकट पोरगा काळोखात पडून राही, आणि बाहेर आई आमच्यासाठी बांगडे तळत असे. पुढे खोलीतून सुटलो, नोकरीला लागलो. मैदानात मात्र, अजून चक्कर येते म्हणत, उतरलो नाही. मग तिचा नवस कसा सुटणार?

मध्यंतरी मीच तिला म्हटलं, खा आता, देव काय बघूक येता? ती हसली. "देवाक शब्द दिलंय. तुझी चक्कर गेली काय एक डाव खेळ, मगे खातंय."

एक डाव. एवढंच. पाय माझे शाबूत आहेत, मैदान दारासमोर आहे. गुडघा अजून दिसतो, हे खरं — पण तिला तेवढं तरी सांगता आलं असतं ना?

आज तिने बांगड्याचं तिखलं केलं. ती चाखत नाही. थोडा रस वाटीत घेते आणि माझ्यासमोर धरते.

"मीठ बघ रे."

मी बघितलं. "बरोबर आसा," म्हटलं, आणि जेवायला बसलो.