महालक्ष्म्यांच्या पानावर मंगलू

ज्या भाद्रपदात महालक्ष्म्या बसवायच्या की नाही यावरून मी आणि सुनंदा भांडलो, त्या भाद्रपदात माझं वजन चव्वेचाळीस किलो होतं. जिना चढलो की मधल्या पायरीवर बसावं लागायचं. नोकरी जाऊन पाच महिने झाले होते. स्कूटर विकली होती, मुलीच्या कॉलेजची फी अर्धी राहिली होती आणि सुनंदा भिलाईच्या खुर्सीपार वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत दिवसभर लोकांच्या साड्यांना फॉल-पिको करत बसायची. मी म्हणालो, यंदा देवीला नुसता हात जोडू, ती काही रागावत नाही. सुनंदानं मशीन थांबवलं नाही. पाय चालवता चालवताच म्हणाली, "महालक्ष्म्या का तुमची नोकरी पाहून येतात जी? कोठ्या आहेत, मुखवटे आहेत. बसवा लागते."

खरं सांगायचं तर मला पैशाची काळजी कमी होती. मला देवीसमोर उभं राहायचं नव्हतं. हे मी तिला सांगितलं नाही. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, आता सांगतो आहे.

माझे वडील भंडाऱ्याकडून शेती सोडून भिलाईला आले आणि स्टील प्लांटमध्ये लागले. माझं लहानपण सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये गेलं. ते रिटायर झाले, क्वार्टर सुटलं आणि माझ्या वाट्याला ठेकेदारीतलं काम आलं. वीस वर्षं मी ठेकेदारांचा सुपरवायझर होतो. मिलच्या खालच्या खड्ड्यात लोखंडाची खपली साचते, ती काढणारी बारा माणसांची गँग माझ्या हाताखाली होती. ठेकेदार बदलायचे, माणसं तीच राहायची. या वेळी नवा ठेकेदार आला, नव्या गेटपाससाठी सगळ्यांची तपासणी झाली आणि माझ्या छातीच्या फोटोत डाग निघाला. टीबी. गेटपास झाला नाही. गेटपास नाही म्हणजे काम नाही, इतकं ते सरळ असतं. मी स्वतः कितीतरी जणांना ते वाक्य तसंच्या तसं ऐकवलं होतं.

गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळत. पण त्या घेतल्या की मळमळायचं, अंगावर खाज सुटायची, लघवी लाल व्हायची. लोकांना आम्ही कावीळ सांगितली होती. चार महिने कसेबसे काढले, मध्ये मध्ये गोळ्या चुकवल्याही. दवाखान्यातल्या सिस्टरनं ते ओळखलं. ती म्हणाली, "आता तुमच्या घरी रोज सकाळी आमचा माणूस येईल. त्याच्यासमोर गोळी गिळायची. तो स्वतः या आजारातून बरा झालेला आहे, तुम्हाला धीर येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली ई-रिक्षा थांबली. खिडकीतून पाहिलं तर त्यातून मंगलू उतरत होता. मी खिडकीपासून मागे सरलो आणि सुनंदाला म्हणालो, "सांग, मी घरी नाही."

मंगलू माझ्या गँगमध्ये सात वर्षं होता. दुर्गच्या पलीकडच्या गावचा, छत्तीसगढी माणूस. आम्हा नागपूरकडच्यांमध्ये राहून मोडकंतोडकं मराठी शिकलेला, आणि ते मराठी तो मोठ्या अभिमानानं बोलायचा. चार वर्षांपूर्वी तो खोकू लागला. एक दिवस जेवणाच्या सुटीत मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, मले टीबी निघाला. दवाई चालू केली. दोन महिने हलकं काम द्या, कोणाले सांगू नका." मी म्हणालो, "नाही सांगणार." तेवढ्यावर त्याचं भागेना. तेव्हा मी घरच्या महालक्ष्म्यांची शपथ घेतली. त्या आठवड्यातच मी ठेकेदाराला सांगितलं. मंगलूचा गेटपास कापला गेला.

इतरांना लागण होऊ नये म्हणून मी सांगितलं, असं मी चार वर्षं स्वतःला समजावत आलो. ते खोटं आहे. माझा मेहुणा सुरेश, सुनंदाचा धाकटा भाऊ, घरी बसून होता. सुनंदा रोज त्याची काळजी करायची. गँगमध्ये एक जागा रिकामी व्हायला हवी होती. ती मी केली. सुरेश तिथे तीन महिनेही टिकला नाही. मंगलू बायकोमुलांना घेऊन गावी गेला एवढंच मला कळलं. पुढे त्याचं काय झालं हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणी सांगितलं असतं.

नऊ दिवस मी त्याला टाळलं. सकाळी रिक्षाचा आवाज आला की मी मागच्या मोरीत जाऊन नळ सोडायचो. मुलगी बाहेरून म्हणायची, "पापा, वो अंकल फिर आए थे. दवाई मम्मी को भी नहीं देते, बोलते हैं सामने खिलानी पड़ती है." नऊ दिवस गोळी नाही. आठव्या दिवशी ताप पुन्हा चढला. मध्येच गोळ्या सोडल्या तर पुढे त्या लागूच पडत नाहीत, हे सिस्टरनं मला दोनदा बजावलं होतं. म्हणजे मी काय करतो आहे हे मला नीट कळत होतं. त्या माणसासमोर तोंड उघडण्यापेक्षा मरण सोपं वाटत होतं. नेमक्या याच शब्दांत मी तसा विचार केला होता, म्हणून लिहितो.

महालक्ष्म्या सुनंदानं बसवल्याच. ज्वारी-गहू कुठून आणणार, मुखवट्यांखालच्या कोठ्यांत तिनं रेशनचा तांदूळ भरला. जुन्या साड्या नेसवल्या. दाराशी कुंकवाची पावलं काढली. आमच्या घरची एक रीत आहे, माझ्या आजीपासूनची. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळपासून आरती होईपर्यंत घराचं दार लावायचं नाही, आणि नैवेद्याच्या वेळी दारात जो येईल त्याला देवीचा पाहुणा समजून पानावर बसवायचं. पाय यजमानानं धुवायचे. जात, ओळख, काहीही विचारायचं नाही.

नैवेद्याची ताटं वाढून झाली होती. मी तोंडाला पंचा बांधून भिंतीला टेकून बसलो होतो. दारात सावली पडली. मंगलू. सकाळची वेळ टळून गेली होती, म्हणून मी बेसावध होतो. मोरीत जायचं तर त्याच्यासमोरूनच जावं लागणार होतं.

"भाभीजी, मी फक्त हे दवाईचं कार्ड वापस—" तो बोलू लागला. सुनंदानं त्याला पुरतं बोलूच दिलं नाही. "या भाऊ, या! किती टायमावर आले! चप्पल काढा, बसा पानावर."

"नाही नाही, मी दवाईवाला आहे."

"असाल जी. आता जेवल्याबिना जाता येत नाही. अहो, पाणी घ्या ना, पाहून काय राहिले?"

मी उठलो. तांब्या आणि परात घेऊन त्याच्यासमोर बसलो. मंगलूनं पाय एकदम मागे घेतले. "साहेब, ये नहीं होगा."

"होते, होते," सुनंदा तुपाची वाटी घेऊन येत म्हणाली. "आज तुमी दवाईवाले नाही आणि हे साहेब नाही."

त्यानं पाय पुढे केले. टाचांना भेगा होत्या. उजव्या पायाच्या अंगठ्यावर जुन्या भाजल्याची खूण होती. ती आमच्याच खड्ड्यातली, मी तेव्हा तिथे उभा होतो. मी पाणी ओतलं आणि काय बोलायचं ते न ठरवताच बोलू लागलो. देवीकडे पाहायची हिंमत नव्हती, म्हणून त्या पायांकडे पाहून बोललो. "मंगलू, ठेकेदाराला तुझं नाव मी सांगितलं. शपथ मोडून सांगितलं. आजाराच्या भीतीनं नाही. सुरेशला लावायचं होतं म्हणून."

सुनंदाच्या हातातली वाटी तशीच राहिली. मुलीनं आईकडे पाहिलं.

मंगलूनं खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. "पहिले गोळी," तो म्हणाला. "नऊ दिवस झाले. बाकी बातचीत बाद में."

मी त्याच्यासमोर गोळ्या गिळल्या. त्यानं तोंड उघडायला लावलं, जीभ वर करायला लावली, लहान मुलाला लावतात तशी. मग तो जेवला. सावकाश, नीट जेवला. आंबील दोनदा मागून घेतली. मध्येच सुनंदाला म्हणाला, "भाभीजी, तुमच्यात सोळा भाज्या राहतात ना? मी मोजल्या. अकराच आहेत."

सुनंदाच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी ती हसली. "यंदा अकराच जमल्या, भाऊ."

"चालते. पाच मी उधार ठेवल्या."

हात धुताना तो माझ्याशी बोलला, हळू आवाजात. "मले त्याच हप्त्यात माहीत झालं होतं, साहेब. ठेकेदारानंच सांगितलं. लिस्टमध्ये तुमचं नाव पाहिलं तर मी सिस्टरले म्हटलं, या घरी मी नाही जात. ती म्हणते, या लाइनले दुसरा माणूस नाही. मग आलो. तुमची मॅडम सांगे, साहेब घरी नाही. मले बरंच वाटे. मोरीतल्या नळाचा आवाज खाली ऐकू येते. मी म्हणो, नळ चालू आहे, चला, आजची छुट्टी." त्यानं ओले हात झटकले. "आज कार्ड वापस कराले आलो होतो. तुम्ही मरा का जगा, मले काय, असं ठरवून आलो होतो."

म्हणजे नऊ दिवस मी त्याला टाळत होतो आणि तोही मला टाळत होता, आणि आम्ही दोघं मिळून मला मारत होतो. त्या दिवशी दार लावलेलं असतं तर तो कार्ड फटीतून आत सरकवून गेला असता. त्यानंतर दवाखान्यातून माझं नाव कापलं गेलं असतं. याला कुणी योगायोग म्हणालं तर मी वाद घालत नाही. मला वाद घालण्याइतकं कळत नाही. मला एवढंच माहीत आहे की मी देवीला घरात येऊ नको म्हणालो होतो, आणि ती आली ती त्यालाच घेऊन आली.

मंगलू गेल्यावर सुनंदानं "आरती करा" एवढंच म्हटलं. पुढचा सबंध दिवस ती माझ्याशी बोलली नाही. महालक्ष्म्या उठल्या, मुखवटे डब्यात ठेवताना मात्र म्हणाली, "माझ्या भावाची नोकरी मले अशी नव्हती पाहिजे. तुमी एकदा तरी विचाराचं होतं मले." मी म्हणालो, "चुकलं." वीस वर्षांच्या संसारात हा शब्द मी पहिल्यांदा वापरला असेन. तिनं मुखवट्यांवर कापूस पसरला आणि डबा माझ्या हातात दिला, वर ठेवायला. तिचं उत्तर मला त्यात मिळालं.

मंगलू मला त्याच्या रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर खूप रागावले. पुन्हा थुंकी तपासली. तो निकाल येईपर्यंतचे दिवस मी विसरणार नाही. गोळ्या अजून लागू पडत होत्या. सिस्टरनं ते सांगितलं तेव्हा मी तिथल्या बाकावर बसून रडलो आणि मंगलू माझ्याशेजारी बसून शेंगदाणे खात होता. दोन शेंगदाणे त्यानं माझ्या हातावर ठेवले.

त्यानंतर तो रोज आला. गोळी, तोंड उघडा, जीभ वर, चला. एखाद्या दिवशी बसायचा, गावची गोष्ट सांगायचा. गेटपास गेल्यावर गावी वर्षभर काय झालं तेही त्यानं तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. मी ऐकलं. त्यात ऐकायला कठीण असं बरंच होतं आणि ते ऐकणं माझं देणंच होतं. हळूहळू भूक परतली. दिवाळीला मी जिना न थांबता चढलो. गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवाल्याला हिशेब-पावत्या बघणारा माणूस हवा होता, त्यानं मला सकाळ-संध्याकाळ बोलावलं. पगार पूर्वीच्या निम्मा. मुलीची फी हप्त्यांनी भरली. रात्री झोप लागते. इतकी वर्षं ती का लागत नव्हती, हे मला आता कळलं.

मी लहानपणापासून देवीला हात जोडत आलो. पण आता आठवून पाहतो तर चार वर्षं माझं मागणं एकच होतं, की झाकून ठेव. नोकरी दे, पैसा दे, आजार काढ, हे सगळं वरवरचं होतं. आत फक्त तेवढंच होतं. तिनं ते ऐकलं नाही, हाच तिचा माझ्यावरचा उपकार. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून हात जोडणं, असं मी समजायचो. मला ते परात घेऊन खाली बसल्यावर थोडंसं कळलं. पुढे काय होणार हे आपल्या हातात नाही, हे ठाऊक असून खरं बोलायचं आणि मग समोरच्यानं जे दिलं ते घ्यायचं.

शेवटची गोळी झाली त्या सकाळी सुनंदानं मंगलूला शाल-नारळ द्यायचं काढलं. त्यानं नारळ घेतला, शाल परत केली. मी त्याला खाली रिक्षापर्यंत सोडायला गेलो. इतके महिने जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते तिथं विचारलं. "मंगलू, मला माफ केलंस का रे?"

तो सीटवर बसला, नारळ शेजारी नीट टेकवून ठेवला, पडू नये म्हणून त्याला गमछा लावला.

"कोणत्या दिवशी होते, साहेब, कोणत्या दिवशी नाही होत," तो म्हणाला. "आज झालं."

आणि रिक्षा सुरू करून पॉवर हाउस चौकाच्या बाजूला निघून गेला. मी रस्त्यावरच हात जोडले.